खलनायकाचा दहावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात खलनायकाला मारायला जेमतेम अर्धा तास लागतो. वेळ जातो तो त्याच्या पुढच्या कामात. तो कोसळतो, त्याचे हिट पॉइंट शून्यावर येतात, खेळ चालवणारी डीएम आवाज खोल करून म्हणते, "त्याच्या हातातला राजदंड गळून पडतो आणि शतकांचा अंधार..." आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाकडून प्रश्न येतो, "पण मेला का नक्की?" तिथून पुढे ती शूरवीरांची टोळी तलाठी, पोलीस, डॉक्टर आणि स्मशानातला कारकून अशी चार खात्यांची कामं एकदम अंगावर घेते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांच्या नावावर हा खेळ छापून आला. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. 'मी उडी मारतो' असं कुणीही म्हणावं. उडी जमली की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात तो हाच खेळ. आता पुण्यामुंबईतही त्याची टेबलं लागतात. आमचं टेबल जेवणाचंच आहे, भाजीचा डाग पुसला की त्यावर नकाशा.

आमच्याकडे या उत्तरकार्याचे प्रमुख म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका. खेळात ते जादूगार आहेत, पण आगीचे गोळे ते अगदी नाइलाज झाल्यावर फेकतात. त्यांची प्रतिभा खुलते ती पंचनाम्यात. प्रेत कुठे पडलं, पाय कोणत्या दिशेला, बोटांत अंगठ्या किती आणि त्यांतल्या जादूच्या किती, हे सगळं त्यांच्या दोनशेपानी वहीत उतरतं आणि खाली ते आमच्या सह्या घेतात. डीएम माझी भाची. काका तिला विचारतात, "श्वास?"

"नाही."

"नाडी?"

"काका, त्याचं डोकं तिकडे कोपऱ्यात पडलंय."

"ते लिहिलंय मी. नाडी?"

काकांना हसण्याआधी एक कबूल करायला हवं, नियमपुस्तक त्यांच्या बाजूनं आहे. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४च्या पुस्तकात, 'रेझ डेड' नावाचा मंत्र आहे. ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची घातला की मेलेला माणूस उठून बसतो. अट अशी की मरून दहा दिवसांपेक्षा जास्त झालेले नसावेत. दहा! तिकडच्या नियमकर्त्यांनी हा आकडा कुठून काढला ते त्यांनाच ठाऊक, पण मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लगेच घाट, पिंड आणि कावळा उभा राहतो. दहावा झाला की गेलेला खरंच गेला, हे आपलं शास्त्र त्यांनी आपल्याला न विचारता मान्य करून टाकलं आहे. त्यामुळे आमच्याकडे दुष्ट सम्राट मारला की टोळी गावच्या धर्मशाळेत मुक्काम ठोकते, प्रेतावर पाळ्या लावते आणि दिवस मोजते. टोळीतलं चोराचं काम ज्या मुलीकडे आहे ती प्रत्यक्षात सीए आहे. दहाव्या दिवशी ती खर्चाचा हिशेब मांडते आणि दरवेळी असं निघतं, की सम्राटाच्या खजिन्यातून जे मिळालं ते त्याच्या राखणीतच संपलं.

त्यात भानगड डोक्याची. 'रेझ डेड'ची दुसरी अट, डोक्यासारखा जगायला लागणारा अवयव प्रेताला नसेल तर मंत्र फुकट जातो. म्हणजे मुंडकं उडवलं की निम्मी काळजी मिटली. पण 'स्पीक विथ डेड' म्हणून दुसरा मंत्र आहे, त्यानं प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात आणि त्यासाठी प्रेताला तोंड असावं लागतं. एका कलमानुसार डोकं तोडायचं आणि दुसऱ्या कलमानुसार ते जपायचं. जगभरातल्या टोळ्यांनी यावर एकच तोडगा काढलेला दिसतो: तोडायचं आणि बरोबर न्यायचं. त्यासाठी 'बॅग ऑफ होल्डिंग' कामाला येते. बाहेरून साधी झोळी, आत ५०० पौंड, म्हणजे सव्वादोन क्विंटल ऐवज मावतो. आमच्या झोळीत दोरखंड आहे, मशाली आहेत, दोन तह झालेल्या राज्यांचे झेंडे आहेत आणि तीन माजी सत्ताधीश आहेत.

एवढं जपून आणलेल्या डोक्याला विचारायला प्रश्न फक्त पाच, आणि त्याच डोक्याशी पुन्हा बोलायचं तर मध्ये दहा दिवस जावे लागतात. शिवाय मेलेला वैरी खरं बोलायला बांधील नाही. उत्तरंही तुटक आणि कोड्यात देतो. तरी आमच्या लढवय्यानं पहिला प्रश्न विचारला, "ऐकू येतंय का?" मुंडकं म्हणालं, "येतंय." एक गेला. काकांनी घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "हा धरला का प्रश्न?" मुंडकं म्हणालं, "धरला." दोन गेले.

ही भीती आली कुठून? ती डीएम लोकांनीच पन्नास वर्षं पेरली आहे. लिच नावाचा प्रकार घ्या. हा जादूगार मरण चुकवायला आपला जीव एका वस्तूत, बहुतेकदा डबीत, दडवून ठेवतो. त्याच्या हाडांचा भुगा केलात तरी डबी शाबूत असेल तर दहा बाजूंचा फासा टाकायचा. येईल तितक्या दिवसांत डबीपासून पाच फुटांच्या आत तो नव्या शरीरानिशी हजर. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. रशियातल्या कोश्चेईचा सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात आणि बदक सशात. पण गोष्टीत बरं असतं, कुणीतरी मायाळू बाई राजपुत्राला पत्ता फोडते. डीएम तो फोडत नाही. मग वीर काय करणार? किल्ल्यातली दिसेल ती डबी फोडतात. आम्ही दागिन्यांची पेटी फोडली, पानाचा डबा फोडला, तपकिरीची डबी फोडली आणि एका म्हाताऱ्या स्वयंपाकिणीचा मिसळणाचा डबा तिच्या देखत अंगणात उपडा केला. भाचीनं दालनाच्या वर्णनात रंग भरावा म्हणून पिंजऱ्यात एक पोपट ठेवला होता. मराठी टेबलावर पोपट ठेवायचा नसतो. त्या पक्ष्यावर आम्ही तीन मंत्र आणि एक कुऱ्हाड खर्च केली. तो साधा पोपट होता. पोपट झाला तो आमचा.

ट्रोलची तऱ्हा आणखी निराळी. हा राक्षस पोल अँडरसनच्या १९६१च्या एका कादंबरीवरून या खेळात आला. कितीही तोडला तरी जखमा भरत जातात. आग किंवा आम्ल लागलं तरच मरतो. हे एकदा कळलं की नवशिक्या खेळाडूचं उरलेलं आयुष्य सोपं होऊन जातं: तो सगळंच जाळतो. ट्रोल जाळतो, दरोडेखोर जाळतो, मेलेला लांडगाही जाळतो. आमच्या लढवय्यानं एकदा खोलीच्या आत, लाकडी जमिनीवर, गवताच्या छपराखाली चिता रचली होती.

आणि स्ट्राड. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्यानं १९८३ साली 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये हा पिशाच्च सरदार आणला आणि २०१६च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मुळे तो नव्या पिढीलाही माहीत झाला. पिशाच्चाला हरवलं की तो मरत नाही, धुकं होऊन फटीतून निघून जातो. दोन तासांत शवपेटी गाठली की सुटला. म्हणून अगोदर पेटी शोधायची, मग सूळ, मग सूर्यप्रकाश. कित्येक महिने रक्त आटवून टोळ्या हे सगळं रीतसर करतात आणि पुस्तकाचा शेवट सांगतो, की काही महिन्यांनी तो परत येतो. हे कळल्यावर काकांनी ग्राहक मंचाचा पत्ता मागितला होता.

डीएमची बाजूही आहे, नाही असं नाही. भाचीनं तो सम्राट कित्येक रात्री जागून रचलेला असतो. त्याला दुःखी बालपण असतं, एक चोरटं प्रेम असतं, ओळखू यावा असा खोकला असतो. तो पहिल्याच लढाईत मरावा असं तिला मुळीच वाटत नाही. त्यानं "पुन्हा भेटू" म्हणत खिडकीतून उडी घ्यावी आणि दिवाळीनंतर परत यावं, असा तिचा बेत असतो. आमच्यापासून तो बेत लपत नाही. सम्राटानं भाषण सुरू केलं की आमच्यातले दोघं खिडक्यांशी जाऊन उभे राहतात, एक जण सिंहासनामागे चोरदरवाजा चाचपतो आणि लढवय्या हळूच विचारतो, "तो बोलत असताना मला मारता येतं ना?" मराठी नाटकातल्या कोणत्याही नटाला आजवर इतका वाईट प्रेक्षक मिळालेला नसेल.

लढाईच्या आधीची सावधगिरी हा तर स्वतंत्र संसार आहे. त्याचं मुख्य हत्यार तलवार नाही, दहा फुटांची काठी आहे. खेळाच्या पहिल्या पुस्तकापासून ती सामानाच्या यादीत आहे आणि तिचा उपयोग एकच, पुढची फरशी टोचून बघणे. तिसऱ्या आवृत्तीच्या दरपत्रकात या काठीची किंमत होती दोन चांदीची नाणी, म्हणजे वीस तांब्याची. दहा फुटी शिडी मात्र पाच तांब्याच्या नाण्यांत. शिडीला दांडे दोन. काठी न घेता शिडी घ्यायची आणि पायऱ्या उपटून टाकायच्या, हे गणित तिकडच्या खेळाडूंनी कधीच मांडलं होतं. आमच्या सीएला ते स्वतःहून सुचलं. वर पायऱ्या सरपण म्हणून विकता येतील का, असं तिनं दुकानदाराला विचारलं तेव्हा भाचीनं फासा न टाकताच "नाही" म्हणून सांगितलं.

खेळाडू सावध झाले की डीएम चिडतात, डीएम चिडले की नवा प्राणी जन्माला येतो. दाराला कान लावून आतलं ऐकायची वीरांना सवय लागली. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'इअर सीकर' अवतरला. हा किडा लाकडी दारात राहतो आणि टेकलेल्या कानात शिरतो. वीरांनी जाळी लावलेले कर्णे आणले. पेटी उघडण्याआधी तपासू लागले, तर पेटीच दात दाखवू लागली. तिचं नाव मिमिक. छतासारखा पसरून वरून पडणारा प्राणी आहे, फरशीसारखा पसरून खालून गिळणारा आहे, गुहेतल्या लवणस्तंभासारखा लोंबकळणारा आहे. म्हणजे खोलीत शिरल्यावर जमीन, छप्पर, दार आणि फर्निचर यांपैकी निर्जीव काय आहे ते आधी ठरवावं लागतं. आमचे काका प्रत्येक खुर्चीला काठीनं टोचून "माफ करा" म्हणतात, न जाणो.

गायगॅक्सनं या सावधगिरीची परीक्षाच काढली. १९७५च्या ऑरिजिन्स संमेलनासाठी त्यानं 'टूम ऑफ हॉरर्स' हे थडगं रचलं. १९७८ साली ते छापून आलं. त्यात भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, आ वासलेला, आत काळाकुट्ट अंधार. त्या तोंडात जे जाईल ते कायमचं नाहीसं होतं. काठी घातली तर निम्मी काठी परत येते. तरी "मी आत शिरून बघतो" म्हणणारा वीर प्रत्येक पिढीत निघतो. थडग्यात राहतो तो मुख्य खलनायक अॅसररॅक. त्याच्यापर्यंत पोचण्याआधी एक खोटा शेवटही ठेवलेला आहे, म्हणजे जिंकलो म्हणून टोळीनं घरी जावं. रॉब कुंट्झ या गायगॅक्सच्या सहकाऱ्याचं रोबिलार हे पात्र या थडग्यात गेलं ते पदरी असलेल्या ऑर्क्सना पुढे घालून. सापळे ऑर्क्सनी तपासले, शौर्य रोबिलारच्या खात्यावर जमा झालं. हल्ली हे काम मेंढ्यांकडून करून घेतात.

अतिसावध माणसाची फजिती कशी होते याची एक कथा या खेळात जुन्या मंडळींकडून हमखास ऐकायला मिळते. वेक्ना नावाचा एक लिच, १९७६च्या पुस्तकात त्याचा फक्त हात आणि डोळा उरलेला आहे. स्वतःचा हात तोडून तिथं वेक्नाचा बसवला की अचाट शक्ती मिळते. एका टोळीनं म्हणे प्रतिस्पर्धी टोळीसाठी अफवा सोडली, की वेक्नाचं डोकंही सापडलंय. दुसऱ्या टोळीनं ते सापळे चुकवत, पहारे भेदत, मोठ्या हुशारीनं मिळवलं. पुढे एकानं आपली मान पुढे केली. डोकं बसलं नाही. तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला, की बसवायला उशीर झाला असणार, आणि दुसऱ्याला बोलावलं.

मेलेल्यांचं एकवेळ निभतं. शरण आलेल्यांचं काय करायचं? १९७९च्या 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स'मध्ये गायगॅक्सनं राक्षसांच्या गुहा दिल्या आणि त्यांत त्यांची बायकापोरंही ठेवली. तेव्हापासून धर्माभिमानी पॅलॅडिन आणि व्यवहारी चोर यांच्यात एकच भांडण चालू आहे. सोडलं तर बातमी फुटते, मारलं तर पाप लागतं, बांधून नेलं तर खायला कोण घालणार? आमच्या टेबलावर एका कैद्यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली. कैदी होता एक गॉब्लिन, साडेतीन फुटी, कानाला भोक. लढवय्यानं नाव विचारलं. भाचीनं नाव ठरवलेलं नव्हतं. ती गडबडीत म्हणाली, "बंड्या."

झालं. ज्यांनी सम्राटाची नाडी तीनदा तपासली होती त्या लोकांनी बंड्याला घोंगडी दिली, जेवायला वाढलं, खजिन्याच्या किल्ल्या सांभाळायला दिल्या. त्याची झडती कुणी घेतली नाही. काकांनी वहीत त्याच्यासाठी वेगळं पान काढलं, 'कर्मचारी' म्हणून. हे आमच्याच टेबलावर होतं असंही नाही. गॉब्लिन पाळणं हा या खेळातला जागतिक रोग आहे. इतका, की २०१९ साली 'पाथफाइंडर' या भावंड खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकांनी गॉब्लिनला मूळ पुस्तकातच नायकांच्या रांगेत बसवून टाकलं. माझं मत विचाराल तर डीएमनं सम्राटाला दुःखी बालपण देण्यापेक्षा एखादं सोपं हाक मारायचं नाव द्यावं. शंकासुर मारला जातो, बंड्या वाचतो.

सावधगिरीचा हा कंटाळा ओळखून जॉन हार्परनं २०१७ साली 'ब्लेड्स इन द डार्क' काढला. त्यात चोरांची टोळी आधी बेत करत बसत नाही. थेट दरोड्यात उडी घ्यायची आणि पहारेकरी समोर आला की सांगायचं, "याला मी परवाच लाच दिली होती." थोडा ताण सोसायचा की झाली तयारी, मागच्या तारखेनं. आमच्या सीएला हे फार आवडलं. काकांना मुळीच नाही, नोंद नसलेला व्यवहार ते मानत नाहीत. पण मेलेल्यांच्या बाबतीत हार्परही कडक. त्याच्या त्या अंधाऱ्या शहरात कुणी मेलं की घंटा वाजते आणि प्रेत शोधायला चक्क एक कावळा उडतो. विल्हेवाट वेळेत झाली नाही तर त्याचं भूत होतं. दहाव्याचं गणित तिकडेही सुटलेलं नाही. फक्त मुदत कमी केली आहे.

आम्ही परत डंजन्स अँड ड्रॅगन्सकडेच वळलो, कारण काकांची वही अर्धी कोरी होती. मग एके दिवशी सीएनं नियमपुस्तक ताळेबंदासारखं वाचून काढलं आणि आमच्या सगळ्या चिता, पहारे आणि मुंडकी निकालात काढली. 'ट्रू रिझरेक्शन' नावाचा मंत्र आहे. त्याला २०० वर्षांपर्यंतचा मेलेला चालतो आणि प्रेत लागतच नाही. शरीर उरलं नसेल तर नाव उच्चारलं की पुरे. राख सात नद्यांत सोडली काय आणि डोकं झोळीत ठेवलं काय, सारखंच. काकांनी लगेच सुचवलं, की यापुढे खलनायकाचं पूर्ण नाव कुणी उच्चारायचं नाही आणि वहीत फक्त आद्याक्षरं लिहायची.

सीएचा तोडगा अधिक बरा आहे, म्हणून नव्यानं खेळायला बसणाऱ्यांसाठी तो इथं देते. प्रेतावर पाळत ठेवू नका, बाजारावर ठेवा. एका मिनिटाच्या आत उठवणाऱ्या 'रिव्हिव्हिफाय'ला ३०० नाण्यांचे हिरे लागतात, 'रेझ डेड'ला ५००चा, 'रिझरेक्शन'ला १,०००चा, 'ट्रू रिझरेक्शन'ला २५,०००चे. चारही मंत्र हिऱ्यांवर चालतात. सम्राट पडला की त्याच्या चेल्यांचे हिरे आधी ताब्यात घ्या, पावती करा आणि जेवायला चला. तेवढा एक 'रीइन्कार्नेट' राहतो, तो हिऱ्यांवर नाही, १,००० नाण्यांच्या तेलांवर चालतो. पण त्यात नवं शरीर कोणत्या वंशाचं मिळेल ते फासा ठरवतो आणि सात फुटी सम्राट तीन फुटी हाफलिंग होऊनही परत येऊ शकतो. त्याची मुदतही दहा दिवसांचीच आहे.